चार म्हशी व एक वगार

आमच्या सोसायटीत अर्ज लिहायचा म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. माझी सगळी नोकरी कचेरीत मसुदे लिहिण्यात गेली. 'सविनय' कुठे घालायचं आणि 'तत्काळ' कुठे, हे मला कोणी शिकवायला नको. या कौतुकाची मला चटक लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गारखेड्यात आमची इमारत उभी आहे ती जमीन एके काळी आमच्याच घरातली. इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून काकांचा गोठा होता. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. बाकीच्या भावांनी जमिनी बिल्डरला देऊन टाकल्या, यांनी तेवढा तुकडा राखला आणि त्यावर चार म्हशी. काकू गेल्यापासून त्या म्हशी आणि ते, एवढंच त्यांचं घर.

गारखेडं गाव होतं तेव्हा जनावरांसाठी इथे एकच कायदा होता, असं काका सांगायचे. दुसऱ्याच्या पिकात तोंड घातलं की कोंडवाडा. कोतवाल जनावर हाकत न्यायचा, मालक जाऊन हातापाया पडायचा, दंड भरून सोडवून आणायचा. मग गाव शहरात गेलं. गायरानावर प्लॉट पडले, कोंडवाड्याच्या जागेवर मोबाईलचं दुकान आलं, म्हशींच्या कानांत नंबराचे पिवळे बिल्ले आले आणि शहरात जनावर पाळायला परवाना लागतो असं कळलं. काकांनी तो कधी काढला नाही. "म्हैस माझी, जागा माझी, मंग परवाना कुनाचा?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता वैरण टाकायला निघून जायचे.

एके दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. थोरली म्हैस व्याली होती. वगार झाली होती, म्हणजे मादी पिल्लू, म्हणून स्वारी भलतीच खुशीत. व्यालेल्या म्हशीचा पहिला चीक भावकीत द्यायचा ही आमच्याकडची रीत, आणि आता भावकी म्हणजे आम्हीच उरलो होतो. चिकाचा तांब्या माझ्या हातात देऊन त्यांनी मला गोठ्यात नेलं. दाराला गोणपाट बांधलेलं होतं. पाच दिवस बाहेरच्याची नजर पडू द्यायची नाही म्हणून. "तूच पाह्यली. पाचवी होस्तोवर कुनाला बोलू नको. पोरीला बी सांगितलं नाय मी," ते म्हणाले.

आम्ही घरी खरवस केला. वेलची घालून, चांगला दोन वेळा खाल्ला.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीची बैठक होती. शेण, माश्या, वास यावर सगळे तावातावाने बोलले. त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं, गटार तुंबायचं ते शेणानेच. मला उठून जाता आलं असतं. निदान 'माझे चुलते आहेत, मी नाही लिहिणार' एवढं तरी म्हणता आलं असतं. पण कोणीतरी म्हणालं, "तुमच्याइतकं मुद्देसूद कोण लिहिणार?" आणि मी पाघळलो. फार तर साफसफाईची ताकीद मिळेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि लिहिलं: 'निवासी वस्तीत चार म्हशी व एक वगार यांचा विनापरवाना गोठा असून रहिवाशांना सततचा उपद्रव होत आहे.' आकडा अचूक हवा, ही माझी जुनी खोड. अर्ज टाइप होऊन सोसायटीच्या शिक्क्याने गेला, त्यावर माझी सही नव्हती. याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पंधरवड्यात काकांना नोटीस आली. ती घेऊन ते माझ्याकडेच आले. दुसऱ्या कोणाकडे जाणार?

"वाच बरं, काय म्हनत्यात."

कचेरीने अर्जाची तारीख घालून त्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलली होती. माझी वाक्यं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागलो.

"थांब," ते म्हणाले. "ते तारखेचं अन् आकड्याचं परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग विचारलं, "उपद्रव म्हंजी?"

"त्रास."

"व्हय का," ते म्हणाले. "बरं. जबाब बी तूच लिही."

तो जबाब मी जीव ओतून लिहिला. जुनी वहिवाट, उतारवय, गावपण, काही म्हणून सोडलं नाही. तो फेटाळला गेला. एका महिन्यात जनावरं शहराबाहेर हलवा, असं उत्तर आलं. पिशोरला काकांची मुलगी दिलेली आहे, तिच्या शेतात न्यायचं ठरलं. "तुम्हीही तिकडेच राहा," मी म्हणालो. वर हेही मीच म्हणालो.

टेम्पो आला त्या दिवशी दुपारी मी फळ्या टाकायला गेलो होतो. टेम्पोवाला चाचा कागदांसाठी अडून बसला. "कागद पूरा होना साहब, रास्ते में रोकते." म्हणून मी टेम्पोच्या बॉनेटवर वाहतुकीचा फॉर्म ठेवून बिल्ल्यांचे नंबर उतरवायला लागलो. काका एकेक म्हशीचा कान धरून उभे राहत, मी नंबर वाचून लिहीत होतो. थोरली शेवटी चढली. तिच्या मागे वगार धडपडत गेली. तिच्या कानात बिल्ला नव्हता, एवढ्या लहान पिल्लांना तो मारत नाहीत. मी 'एकूण जनावरे' पुढे 'चार म्हशी' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

काका चालकाशेजारी चढून बसले होते. त्यांनी खिडकीतून हात काढून फॉर्म मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि मला परत दिला.

"वगार राहिली," ते शांतपणे म्हणाले. "लिही तिला बी. गोणपाट सुटायच्या आधी तू तिला मोजली व्हतीस."

मी टोपण काढलं. 'चार म्हशी' यापुढे मी 'व एक वगार' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.