फणसाचा बुंधा

काल बोगादीत शेजाऱ्यांनी फणस तोडला. चिकाचा वास खिडकीतून आत आला आणि मला लष्कर मोहल्ल्यातली वकिलांची खोली आठवली.

माझे बाबा आजोबांच्या आधी गेले. आजोबाही गेल्यावर थोरले काका वकिलांना म्हणाले, "भाऊच नाही, मग त्याचा वाटा कसला? सुम्ने, उगाच वाद कशाला?"

वकील शांतपणे म्हणाले, "कायद्यात एक लॅटिन शब्द आहे, स्टर्प्स. मूळ अर्थ झाडाचा बुंधा, त्यावरून वंश. मुलगा गेला तरी त्याचा बुंधा उभा असतो. त्याचा वाटा या मायलेकींचा." आईने माझा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी माणसं आणून आमच्या परसातला फणस पाडला. कोवळे फणस मातीत पडले होते, कापल्या जागी पांढरा चीक ओघळत होता. आई धावत आली. "भावजी, हिच्या बाबांनी लावलेला होता हो."

"बुंधा तुमचा म्हणाले ना वकील? ठेवलाय बघ."

तेव्हा मला वाटलं, काकांना तो शब्द समजलाच नाही. आता वाटतं, त्या खोलीत तो त्यांच्याइतका नीट कुणालाच समजला नव्हता. काका जाऊनही खूप वर्षं झाली. त्या वासाने मला रडू येत नाही, राग येतो.