आधी बसून बघायची झोळी

माझी पोस्टिंग अरुणाचलमधल्या एका कंपनी पोस्टवर होती. रँक शिपाई, ट्रेड टेलर. दहावीनंतर शाळा सुटली, शिलाई मशीन हाती आली, आणि तिनंच मला फौजेत आणलं. त्या मशीनचे उपकार मी विसरलेलो नाही.

गाव बीड जिल्ह्यात, पाटोद्याजवळ. आई-वडील ऊसतोडीला जायचे. फडाच्या कडेला बाभळीला बांधलेल्या झोळीत मी वाढलो. त्यामुळे झोळीच्या कापडाबद्दल मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या जंगलात जळवा फार. लांबच्या पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, जवान झाडाला झोळी बांधून झोपायचे. शिवायचं काम माझ्याकडं. सगळ्यांना पॅराशूटचं कापड पाहिजे असायचं. हवाई रसदीतलं एखादं पॅराशूट फाटून निकामी झालं की ते माझ्या मशीनवर यायचं. हलकं, चिवट, लगेच वाळणारं नायलॉन. मी दोसुती सुचवायचो. दुहेरी धाग्याचं जाड सुती कापड. वजनाला भारी, म्हणून कुणाला नको.

हवालदार गव्हाणे आमचे पेट्रोल कमांडर. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

"शिंप्या, हे वझं कोण वागवणार बे?"

"उस्ताद, नायलॉन फाटत न्हाई, पर भिजल्यावर गाठ धरत न्हाई."

"गाठ मी मारतो. तू शीव."

हुकूम होता. शिवली. स्वतःसाठी मात्र दोसुतीचीच शिवली.

अशाच एका लांबच्या पेट्रोलला मीही होतो. तिसरा दिवस. सकाळपासून पाऊस. 1040 वाजता दरड आली. नाईक पवारच्या मांडीचं हाड मोडलं. आमचं स्ट्रेचर दरडीबरोबर खाली दरीत गेलं. नर्सिंग असिस्टंटनं पायाला आधाराला बांबूच्या खपच्या बांधल्या आणि उस्तादांना बाजूला घेऊन सांगितलं, आतून रक्त जातंय, आज हॉस्पिटल गाठलं पाहिजे.

उस्तादांनी रेडिओ घेतला. उत्तर आलं, "अल्फा, हेलिपॅडवर 1500 पर्यंत पोचा. त्यानंतर ढग. हेलिकॉप्टर थांबणार नाही. ओव्हर."

"रॉजर. आउट."

हेलिपॅड अडीच तासांवर, तेही रिकाम्या हातानं चालणाऱ्याला. उस्तादांनी आपली पॅराशूटची झोळी काढली, बांबूला बांधली. शिपायानं हवालदाराला अडवायचं नसतं. तरी तोंडातून गेलं.

"उस्ताद, दहा मिनिटं द्या."

"पवारकडं हायेत का दहा मिनिटं?"

"आमच्या फडावर लेकराला टाकायच्या आधी आई सोता झोळीत बसून बघायची."

उस्तादांनी बांबू खाली टेकवला.

"माझी बी बसायची," ते म्हणाले. "धरा रे बांबू."

चौघांनी बांबू खांद्यावर घेतला. उस्ताद झोळीत बसले. पहिल्या झोक्याला गाठ सरकली, दुसऱ्याला सुटली. उस्ताद चिखलात आपटले. कुणी हसलं नाही. तेच हसले.

"बरं झालं, पवारच्या आदी आमी पडलो. काढ बे तुझी दोसुती."

मी ती आधी नाल्यात बुडवून काढली. ओलं सूत कोरड्यापेक्षा जास्त भार घेतं, आणि गाठ आणखी आवळते. आईसुद्धा भिजवूनच बांधायची. उस्ताद पुन्हा बसले. चार झोके घेतले. गाठ हलली नाही.

दर दहा मिनिटांनी खांदेकरी बदलले. मी वाटभर गाठी चाचपत होतो. 1445 ला हेलिपॅड गाठलं. पवार आज जरा लंगडतो, पण स्वतःच्या पायांनी चालतो.

त्यानंतर प्रत्येक पेट्रोलला निघताना उस्ताद विचारायचे, "शिंप्या, बसून बघितलं का?" मी म्हणायचो, "बघितलं, उस्ताद." मगच पाऊल उचलायचे.

आता मी सुरतेत कापडाच्या एका गोदामावर वॉचमन आहे. बाल्कनीत झोळी बांधायची हौस असलेले लोक विचारतात, कापड कुठलं घेऊ? मी सांगतो, सुती घ्या, जाड घ्या, उजेडात धरून वीण बघा. गुळगुळीत दिसतंय म्हणून घेऊ नका. आणि दुसऱ्याला झोपवण्याआधी स्वतः बसा.

पवारला आणलं त्याच्या पुढच्याच वर्षी हवालदार गव्हाणे त्याच वाटेवर गेले. पुन्हा दरड. त्यांची बॉडी आणायला गेलेल्या पार्टीत मी होतो. वाट इतकी अरुंद, की वळणावर स्ट्रेचर फिरेना. कंपनी कमांडरनी विचारलं, "टेलर, किती वेळ?"

"दहा मिनिटं, साब."

दोसुती नाल्यात भिजवली. बांबूला बांधली. आता पडण्याची भीती कुणाला नव्हती, तरी आधी मी बसलो. चार झोके घेतले. चौघं बांबू धरून उभे होते.

मग उतरलो आणि म्हणालो, "बसून बघितलं, उस्ताद."