दहा जणांची बाटली

स्पिरिटचा वास आला की मला अजून चिखल आठवतो. माझी किडनी बदलून वर्ष झालं होतं. नवी किडनी टिकावी म्हणून घ्यायच्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे कोरोनाचा बूस्टर घ्याच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कळंबच्या आरोग्य केंद्रात गेलो, तर सिस्टर म्हणाल्या, "एका बाटलीत दहा डोस असतात. एकट्यासाठी उघडली तर बाकीचे वाया जातात. अजून नऊ जण आणा." मी तर वर्षभर माणसं टाळत होतो, शेजारच्या काकींनाही पायरीखालीच थांबवत होतो. परतताना बायकोनं बांधावरून काकींना हे सांगितलं, तेव्हा त्या भाताच्या लावणीत वाकलेल्या होत्या. "चला गं सगळ्या," त्यांनी बायकांना हाक मारली, "उद्या हात दुखंल तर दुखंल. लावणी काय पळून जात नाय." गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन काकींसकट नऊ जणी केंद्राच्या पांढऱ्या लादीवर ओळीनं बसल्या. मी दाराबाहेर छत्री धरून उभा होतो. "आधी त्याला टोचा," काकी म्हणाल्या. सिस्टरांनी बाटली उघडली. महिन्याभरानं माझं रक्त तपासलं, तर गोळ्यांमुळे लस अंगात जवळजवळ लागूच पडली नव्हती. तो रिपोर्ट मी काकींना अजून दाखवलेला नाही. त्या आता पायरीशी थांबत नाहीत. "आता तुला कसली भीती रं," म्हणत सरळ आत येऊन बसतात. मी उठून खिडकी उघडतो.