साडभाऊंची लाईन

जगातली कुठलीही गोष्ट सरळ ओळीत लावता येते, असा ठाम विश्वास असलेला आमच्या साडभाऊंसारखा दुसरा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपूरजवळच्या एका कारखान्यात टीव्हीचे सर्किट बोर्ड जुळवणाऱ्या लाईनवर त्यांचा जन्म गेला, आणि ती लाईन अंगात इतकी भिनली की मोहाडीच्या घरीसुद्धा चहा एकानं उकळायचा, दुसऱ्यानं गाळायचा, तिसऱ्यानं कपात ओतायचा. टीव्हीला हात लावण्याआधी पाहुण्यानंही लोखंडी नळाला शिवून अंगातली वीज सोडायची. "बोर्ड जळते जी, मंग मले सांगू नका," असं वर ऐकवायचे. आमच्या सासऱ्यांनी त्या घरी टीव्ही पाहणंच सोडलं.

मग कंपनीनं पुनर्रचना नावाचं प्रकरण काढलं. नवी मशीन आली, दोन लाईनींची एक झाली. तयार बोर्डावरून शेवटची नजर फिरवायची, हे साडभाऊंचं काम. ते कॅमेऱ्याकडे गेलं आणि साडभाऊ कायमचे मोहाडीला आले. "आपल्याले काही फरक नाही," म्हणायचे, आणि दिवसभर अंगणात येरझारा घालायचे. मला फार वाईट वाटायचं, पण त्यांच्यापुढे विषय काढायची सोय नव्हती.

अशात माझ्या पुतणीचं लग्न निघालं आणि पंगतीचं काम त्यांनी मागून घेतलं. गडी पेटलाच. मंडपात चुन्याच्या रेघा मारल्या, भाताच्या मागे कोण, वरणाच्या मागे कोण ते ठरवलं आणि वाढणाऱ्यांचीच पुनर्रचना सुरू केली. पहिला घाव बसला फुफाजींवर, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांवर. थकलेला माणूस, बादली उचलत नाही, म्हणून घरच्या प्रत्येक लग्नात ते फक्त मीठ वाढत.

"मिठाले वेगळा माणूस कायले पाह्यजे? लोणचंवाला टाकून देईल ना," साडभाऊ म्हणाले.

फुफाजींनी मिठाची वाटी खाली ठेवली आणि खांबाला टेकून बसले.

पंगत झकास चालली होती. तेवढ्यात साडभाऊंची नजर खांबाकडे गेली. फुफाजी रिकामी चिमूट चोळत बसले होते. वाढणाऱ्यांच्या पुढे चालणारे साडभाऊ असे अचानक थांबले की मागे वरणवाला भातवाल्यावर आदळला. ते फुफाजींसमोर जाऊन उकिडवे बसले.

"उठा जी, माह्यं चुकलं."

"राहू द्या, पाहुणे. माह्याबिना होऊन राहिलं ना काम."

"होते जी. कंपनीचंही होऊन राहिलं," साडभाऊ म्हणाले. "पण मले करमत नाही ना."

एवढं ते पहिल्यांदाच बोलले. मग वाटी फुफाजींच्या हातात दिली आणि दंडाला धरून त्यांना पंगतीत आणलं.

आता कारध्यापासून तुमसरापर्यंत कुठंही लग्न असलं की साडभाऊंना बोलावणं येतं, आणि ते मजेत असतात. फुफाजींना मात्र घराबाहेर पडवत नाही. त्यांची वाटी साडभाऊंनी घेतली आहे. मीठ सगळ्यात शेवटी, हा त्यांचा नवा नियम. लोक कुरकुरतात, पण थांबतात. परवा माझ्या पानात त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं, वाकून भातापासून लोणच्यापर्यंत सगळ्या पानावरून नजर फिरवली, "बरोबर आहे," म्हणाले आणि पुढच्या पानाकडे सरकले.