असू द्या, वहिनी

बाद व्हायला माणूस आधी खेळात धरलेला असावा लागतो. आमच्या गोल्फ क्लबात मी खेळात धरलेली नव्हते. मी सगळ्यांची वहिनी होते.

मानपाड्याच्या पुढे आमची वसाहत आहे आणि टॉवरच्या मागे नऊ होलचं छोटं मैदान. ठाकुर्लीची जागा विकून आम्ही इथे आलो तेव्हा गोल्फ नवऱ्याने सुरू केला. ठाण्याच्या ऑफिसात उभा जन्म खुर्चीत काढलेला माणूस, त्याचा गुडघा वर्षभरात बोलायला लागला. सामान कपाटावर पडून राहिलं. मी म्हटलं, मी बघते खेळून. तेव्हा तो हसला होता. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच्यापेक्षा लांब मारायला लागले आणि त्याचं हसणं थांबलं.

खेळ अगदी सोपा आहे. चेंडू होलात पडेपर्यंत मारायचा, प्रत्येक फटका मोजायचा, ज्याचे कमी तो जिंकला. नवख्याचे थोडे फटके वजा करतात, म्हणून माझ्यासारखीलाही आशा असते. रोजच्या खेळात चेंडू होलापासून वीतभर राहिला की समोरचा "असू द्या" म्हणतो, आणि तो एका फटक्यात पडला असं धरून आपण चेंडू उचलतो. स्पर्धेत मात्र हे चालत नाही. स्पर्धेत वीतभर राहिलेलाही मारावाच लागतो. तसाच उचलून पुढच्या होलावर खेळायला लागलात की बाद.

हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पण वडीलधाऱ्या माणसाला एवढ्याशासाठी वाकायला लावणं सगळ्यांच्याच जिवावर येतं, आणि मला तर "असू द्या, वहिनी" म्हणताना कोणी अंतरही बघत नसे. चेंडू दोन हात लांब असला तरी तेच. त्यांना वाटे, आपण मान देतोय. मला त्याचा मनस्वी राग यायचा. मी मारते की नाही, पडतो की नाही, याने कोणाला काडीचा फरक पडत नव्हता.

क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत माझी जोडी काकांशी लागली. काका म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, निवृत्त प्राचार्य, बोलणं शुद्ध आणि सावकाश. आम्हाला एकमेकांचे फटके मोजायचे होते. चौथ्यावर माझा चेंडू होलाच्या कडेला जाऊन थांबला. मी मारायला पुढे झाले तर काका आधीच वाकले होते. "असू द्या, वहिनी," म्हणत त्यांनी चेंडू उचलला आणि प्रसाद द्यावा तसा माझ्या हातावर ठेवला. तो परत खाली ठेवून मारायला हवा होता. पण मोठ्या माणसाने हातावर ठेवलेली वस्तू परत जमिनीवर ठेवायची कशी, म्हणून मी गप्प पुढे चालू लागले.

सातव्यावर काकांचा चेंडू तसाच राहिला. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले, मग माझ्याकडे बघितलं. आता मी काय म्हणायचं ते मला कळत होतं. "असू द्या, काका," मी म्हटलं. माझं वाक्य संपायच्या आत चेंडू त्यांच्या खिशात गेला होता.

संध्याकाळी मंडपात समोसे आणि चहा चालला होता. माझे फटके सर्वांत कमी भरले. माझ्यामागे काका. मी नवऱ्याकडे बघितलं, तो खुर्चीतून उठायला लागला होता, गुडघा धरून. तेवढ्यात सेक्रेटरी मला बाजूला घेऊन गेला.

"वहिनी, जरा प्रॉब्लेम झालाय. चौथ्यावर तुम्ही चेंडू टाकलाच नाही म्हणे. काका बोलले. मग तुम्ही डिसक्वालिफाय होता ना."

काका शेजारीच उभे होते. "मला सांगणं भाग होतं," ते म्हणाले. "नियम शेवटी नियम असतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बरोबर आहे काका. मी बाद. आणि सातव्यावर तुम्ही तुमचा खिशात घातलात, मी असू द्या म्हटल्यावर. तुम्हीही बाद."

काकांनी चष्मा काढून पुसला. "तो होलाला लागूनच होता, वहिनी."

"माझाही लागूनच होता. तुम्हीच उचललात."

मग सारवासारव सुरू झाली. सेक्रेटरी म्हणाला, "अहो वहिनी, कशाला ताणताय? काकांचं वय बघा. आम्ही तुमच्यासाठी महिला विशेष उत्तेजनार्थ ठेवलंय ना. मस्त कुकर आणलाय." अख्ख्या स्पर्धेत बाई मी एकटीच होते. नवराही म्हणाला, "अगं, सोडून दे ना."

"कुकर आपल्याकडे तीन आहेत," मी त्याला म्हटलं. आणि सेक्रेटरीला म्हटलं, "मला उत्तेजन नको. मला बाद करा, पण रीतसर करा. फळ्यावर लिहा. फ्लॅट ३०४च्या वहिनी नाही, माझं पूर्ण नाव लिहा. खाली काकांचं. दोघांपुढे बाद."

त्याने लिहिलं. खडू दोनदा मोडला. बक्षीस तिसऱ्याला गेलं आणि तो ते घेताना कोणाकडेच बघत नव्हता. घरी जाताना नवरा दुखऱ्या गुडघ्यानिशी माझ्या पुढे पुढे चालला. रागावला तर रागावला, मला त्या फळ्याचा आनंद झाला होता.

काही दिवस मैदानावर माझ्याशी कोणी धड बोलेना. भांडकुदळ ठरले. ठरू दे म्हटलं. पण मी खेळ सोडला नाही, पुढच्या प्रत्येक स्पर्धेला गेले, आणि प्रत्येक चेंडू होलात पडेपर्यंत मारला. मागचे खोळंबले तरी मारला.

यंदा चिठ्ठीत माझ्या जोडीला पुन्हा काका आले. शेवटच्या होलावर आम्ही बरोबरीत होतो. काकांनी आपला चेंडू टाकला. माझा वीतभर राहिला, एका फटक्यात पडला की पुन्हा बरोबरी. कडेला खुर्च्यांवर सगळे बसलेले, नवराही. मी काकांकडे बघितलं. ते हात मागे बांधून उभे होते, तोंड घट्ट मिटून.

मी वाकले, मारला, आणि चेंडू कडेला घासून बाहेर गेला.

कोणीही असू द्या म्हणालं नाही. मी दुसऱ्यांदा मारला, तो पडला. काकांनी खिशातून पेन काढलं.

"दोन," मी म्हटलं.

"दोन," काका म्हणाले, आणि त्यांनी ते लिहिलं.