आखाडातली सुरमई

आखाड हा आमच्याकडं मटणाचा महिना. श्रावण लागायच्या आत पोटभर खाऊन घ्यायचं, असा साऱ्या कोल्हापूरचा खाक्या. यंदा आमच्या घरात मात्र आखाडातही दुधीच शिजत होता. उन्हाळ्यात आमच्या मालकांना हृदयाचा झटका आला आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं. मासे चालतील म्हणाले.

मटण गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. माणूस गप्प झाला, त्याचं वाटलं. लग्न झाल्यापासून या गृहस्थानं माझ्या हातचं एक ताट नावं न ठेवता खाल्लेलं नाही. रस्सा पातळ, भाकरी जाड, चटणीत लसूण जास्त. दवाखान्यातून आल्यापासून पुढ्यात येईल ते खायचे आणि एवढंच म्हणायचे, "बरं हाय." दुधीला बरं हाय. मुगाच्या पाण्याला बरं हाय. एकदा मी मुद्दाम भाकरी करपवून वाढली. तीही बरी होती. तेव्हा मला खरी धडकी भरली.

नेसरीहून नवी नवरी होऊन कसबा बावड्यात आले, तेव्हा हीच नावं ऐकून मी न्हाणीघरात जाऊन रडायची. फार शहाणी होते ना. सोळा सोमवार धरले. घरात सगळ्यांना वाटलं, पोर व्हावं म्हणून धरलेत; सासूबाईंनी कौतुकानं मला नवं लुगडं घेतलं. आणि ही बया महादेवाला मागत होती काय, तर नवऱ्याचं तोंड बंद कर. बेलाचं एकेक पान धुऊन, पुसून, ओळीत लावायची, जसं काही देव नीटनेटकेपणाचे वेगळे मार्क देणार होता. तेव्हा देवानं ढुंकून पाहिलं नाही. आता मागणारीची आजी झाल्यावर त्यानं अर्ज मंजूर केला. मला इतका संताप आला होता की सोमवारी दिवा लावायची, पण त्याच्याशी बोलायची नाही.

अशात मुलगा म्हणाला, "आई, मालवणात नवीन हॉटेल झालंय. अण्णांना ताजी मासळी खाऊ घालू." अण्णा म्हणजे त्याचे वडील. रविवारी मुलगा, सून आणि आम्ही दोघं, पावसात घाट उतरलो.

हॉटेल झकपक. छताला जाळी टांगलेली, भिंतीत अर्धी होडी ठोकलेली. मेनूकार्डावर सगळ्यात वर काय, तर 'कोल्हापुरी सुरमई'. कोल्हापूरला समुद्र कधी लागला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलानं तीच मागवली. ताटलीत लालभडक तुकडा आला. तिखट नव्हतंच, नुसता रंग. आमच्या गावाचं नाव लावून माशाला कुंकू फासलं होतं. सगळे मालकांच्या तोंडाकडं बघत बसलो. त्यांनी घास घेतला, चावला, गिळला.

"बरं हाय."

मी उठले. आमच्याकडं मटण घेताना दुकानापुढं उभं राहून, हे नको, मांडीचं दे, असं बोट दाखवून घेतात. जे पोटात जाणार ते आधी डोळ्यांनी बघायचं. मॅनेजरला म्हटलं, "मला मासा दाखवा."

"आत्या, हॉटेलात असं नसतं," सून दबक्या आवाजात म्हणाली. ती मला आत्याच म्हणते.

"मग काय नुसता रंग बघून जेवायचं?"

मॅनेजर बिचारा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. पेटी उघडली. आत बर्फानं पांढरी पडलेली सुरमई, एकावर एक, फरशीच्या तुकड्यांसारखी.

"ही ताजी?"

"आजीनू, पावसात मासेमारी बंद आसता. होड्ये वर ओढून ठेवलेत."

"मासे न्हाईत तर माशाचं हॉटेल काढलंच कशाला या दिवसांत?"

तो शांतपणे म्हणाला, "आखाडात घाट उतरून मासे मागणारे तुम्हीच. आमच्या गावचो एक तरी माणूस हंय दिसता तुमका?"

मी बाहेर डोकावले. खरंच, सगळी टेबलं आमच्याकडचीच. समुद्र बंद असताना समुद्राकाठी मासे खायला आलेला सगळा आपलाच गोतावळा, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात लाल तुकडा. माझा राग दुप्पट झाला, कारण आता अर्धा आमच्यावरच करायचा होता.

कोपऱ्यातल्या शेगडीवर एक टोप रटरटत होता. "त्यात काय हाय?"

"तां कामगारांचा जेवान. व्हाळातल्यो कुर्ल्यो."

म्हणजे ओढ्यातले खेकडे. आमच्या बावड्यात, रानाच्या कडेला, पावसाळ्यात पायात येतात तेच.

"तेच वाढा आम्हाला."

"तां मेनूत नाय, आजीनू."

"मेनूत हाय ते तुमच्याकडं न्हाय, आणि तुमच्याकडं हाय ते मेनूत न्हाय. असलं कसलं हॉटेल?"

त्याला हसू आलं असावं. मोठ्या वाडग्यात खेकडे आणि रस्सा घेऊन तो स्वतःच टेबलापाशी आला. मालकांनी एक नांगी उचलली, दाढेखाली धरून फोडली, चोखली. मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून रस्सा तोंडाला लावला. आम्ही तिघं घास हातात धरून थांबलो.

वाडगा खाली ठेवून ते मॅनेजरला म्हणाले, "पावणं, रश्श्याला दम न्हाय. असला बाळंतिणीला घालत्यात." आणि माझ्याकडं वळले. "खेकड्याचं पाय आधी ठेचून त्येचं पाणी रश्श्यात घालावं लागतंय. तुला बी ते कधी जमलं न्हाय."

"मला जमलं न्हाय? ओढ्यावरनं आणलेले खेकडे जन्मभर कोण ठेचत होतं, तुम्ही?"

"ठेचत हुतीस, पर गाळत न्हवतीस. दाताखाली कच यायची."

"मग बोलला न्हाईत ते?"

"रोज बोललोय."

खरंच, रोज बोलले होते. माझ्या अंगाचा भडका उडाला. नवी नवरी असते तर उठून न्हाणीघर शोधलं असतं. मी कनवटीला खोचून ठेवलेल्या जुन्या भांडणांपासून सुरुवात केली, मालक सासूबाईंच्या हातच्या खेकड्यांपर्यंत आले, आणि आम्ही घाट चढू लागलो तरी रस्सा गाळायचा की नाही हे ठरत नव्हतं.

"आई, जरा गप बस की," मुलगा आरशातून बघत म्हणाला. "अण्णांना त्रास होईल."

"तू पुढं बघून गाडी चालव," मी म्हटलं. "आमचं अजून व्हायचंय."