लासूरच्या बाजारातली रिकामी पिशवी

सहल वगैरे काही नव्हती. आई एका सकाळी म्हणाली, "लासूरला चल. तुझ्या बापाचं तिथं काय होतं, ते एकदा बघूनच घेऊ." अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते आणि त्यांचा नौदलाच्या गणवेशातला फोटो आईनं अजून भिंतीला लावू दिला नव्हता.

अण्णा एकाहत्तरच्या युद्धात बोटीवर होते. युद्धाचं विचारलं की म्हणायचे, "पाणीच पाणी बघितलं, दुसरं काय!" बाकी माणूस पक्का घरचा. नळाला पाणी आलं की आमच्या घरी सण. अण्णा ड्रम भरून झाकणं दोरीनं अशी बांधायचे की माकडालाही सुटू नयेत. दुष्काळात त्यांनी आम्हा तिघा भावंडांना एका बादलीत आंघोळ करायला शिकवलं. "बोटीवर असंच असतं," हे ऐकून कान किटले होते.

फक्त महिन्यातून एकदा ते लासूर स्टेशनला बाजाराला जायचे. यायचे तेव्हा पिशवी रिकामी आणि हाताला चंदनाचा वास. घरी तर लिंबाचा साबण! आईनं वर्षानुवर्षं तो वास घेतला आणि चकार शब्द काढला नाही. पण तेराव्यानंतर अण्णांच्या मोबाइलवर एका तरुण बाईचा आवाज आला, "लासूरहून बोलते, अण्णा आहेत का?" आईनं फोन कापला, बंद केला आणि कपाटात कोंबला.

तुम्हाला जायचं असेल तर पॅसेंजरनंच जा. तिकीट चहाभज्यांपेक्षा स्वस्त. उजवीकडची खिडकी धरा, दौलताबादचा किल्ला छान दिसतो. प्यायचं पाणी मात्र घरून न्या. गाडी त्या दिवशी वेळेवर सुटली, तेव्हाच मला शंका आली की आज काहीतरी विपरीत होणार. शहर संपता संपत नव्हतं. जिथं तिथं प्लॉटच्या पाट्या, आणि पाट्यांमधून टँकर धावतायत. आईचं कशाकडेच लक्ष नव्हतं. समोर बसलेल्या प्रत्येक लासूरकराच्या चेहऱ्यावर ती अण्णांचं नाक शोधत होती. एका कॉलेजच्या पोराकडे बघून मला कोपर मारलं, "आपल्या घरातलं वाटतंय बघ." मी म्हटलं, "आई, तो लासूरचा नाही, मधल्या पोटूळला चढलाय!"

स्टेशनबाहेर टपरीवर गरम भजी मिळाली. तेल संशयास्पद, चव झकास. मी चहावाल्याला अण्णांचा फोटो दाखवला.

"नेव्हीवाले व्हय! लई दिवसांत दिसले नाय. ते बघा, निळ्या दाराचं घर. बाजाराला आले की तिथंच."

आईनं भजं तसंच कागदात गुंडाळलं.

दारातल्या ड्रमच्या झाकणाला अण्णांचीच गाठ होती. तीच, ओळखीची. दार एका तरुण बाईनं उघडलं; फोनवर बोललेली हीच असणार. आई आधी तिच्या नाकाकडे बघत राहिली. तेवढ्यात आतून म्हातारा आवाज आला, "सूनबाई, आला का तो? म्हणावं, इतके दिवस मेला होतास का?"

आत खाटेवर एक म्हातारे बसले होते. दाढी अस्ताव्यस्त वाढलेली, गाल भाजून गेलेले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटलेली. जुनं भाजलेलं होतं. हे गणपतराव, अण्णांच्याच बोटीवरचे.

आईनंच सांगितलं, "ते गेले हो." म्हाताऱ्यांनी चिकटलेल्या बोटांनी दाढी चाचपली. मग म्हणाले, "आन् मी त्याला शिव्या देत बसलो. वाटलं, कंटाळला आता."

युद्धात इंजिनरूमला आग लागली होती. अण्णा आत अडकले होते, गणपतरावांनी त्यांना ओढून काढलं. त्यात ते स्वतः भाजले आणि गालांची कातडी अशी नाजूक झाली की न्हाव्याचा वस्तरा सोसेना, म्हणून दर महिन्याला अण्णा येऊन हलक्या हातानं त्यांची दाढी करायचे. "घरी सांगू नको, ही शपथ मीच घातली. कुणी कीव करत दारात यायला नको."

सूनबाईनं दाढीच्या सामानाचा डबा दाखवला. आईनं त्यातली क्रीमची ट्यूब नाकाशी नेली. चंदन. मला त्या वाकड्या बोटांकडे बघवेना. ती बोटं नसती तर आम्ही भावंडं कुठली!

"पाणी आण गं कोमट," आई सूनबाईला म्हणाली. शेवटच्या आजारपणात अण्णांची दाढी तिनंच केली होती, हात सरावलेला होता. "हनुवटी वर करा, भाऊजी."

परतीच्या गाडीत तिनं कुणाच्याही नाकाकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर स्टुलावर चढून स्वतः फोटो लावला. त्याला म्हणाली मात्र, "मला सांगितलं असतं तर मी काय नको म्हटलं असतं?"

पुढच्या बाजाराला ती एकटीच लासूरला गेली. संध्याकाळी आली ती रिकामी पिशवी घेऊन. मी विचारलं, "भाजी?"

"चांगली नव्हती," म्हणाली. मग फोटोखाली बसली, दोन्ही हात नाकाशी धरले आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.